अकाली कवळी आणि धर्मविचार

दात जाणे ही म्हातारपणाची खूण आहे, असे भारतीय परंपरेने इतके पक्के धरले आहे की विशी-पंचविशीत दात गमावलेल्या माणसाला तिच्या हिशेबात जागाच उरत नाही. ‘दात असतात तेव्हा चणे नसतात, चणे असतात तेव्हा दात नसतात’ ही म्हण तरुणपणाला दात आणि म्हातारपणाला चणे वाटून देते. चणे समोर असताना दात गेलेला तरुण तिला ठाऊक नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रातही बोळके तोंड येते ते म्हाताऱ्याचेच, पिकलेले केस आणि हातातली काठी यांच्या सोबतीने. म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडाबद्दल लोकांना थोडे कौतुकही असते. छायाचित्रांतले गांधीजींचे बोळके हसू देशाला प्रिय झाले. तेच हसू पंचविशीतल्या माणसाचे असते, तर फोटो काढणाऱ्याने त्याला आधी तोंड मिटायला सांगितले असते.

म्हाताऱ्याचे दात जाणे लोकांना स्वाभाविक वाटते, याचे ख्रिस्ती परंपरेतली संत अपोलोनिया हे बोलके उदाहरण आहे. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांविरुद्ध उसळलेल्या दंग्यात जमावाने तिचे दात पाडले आणि ती आगीत मरण पावली. दातदुखीने हैराण झालेले लोक तिची प्रार्थना करतात. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. त्या काळचे बिशप डायोनिसियस यांच्या पत्रात ती वृद्ध कुमारिका असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पुढच्या शतकांतल्या चित्रकारांनी मात्र हातात चिमटा आणि चिमट्यात दात धरलेली तरुण मुलगी रंगवली. म्हातारीचे दात गेले यात पाहणाऱ्याला क्रौर्य दिसणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

अकाली दंतनाशाने उभे राहिलेले प्रश्न धर्मपरंपरांनी दोन वेगवेगळ्या आवाजांत हाताळले आहेत. एक आवाज उपदेशकाचा. तो पडलेल्या दाताकडे बोट दाखवून देहाची नश्वरता सांगतो, किंवा मागच्या पापाचा पुरावा म्हणून त्याच्याकडे पाहतो. दुसरा आवाज शास्त्रकाराचा, म्हणजे प्रत्यक्ष अडचण समोर आल्यावर काय करावे याचा निर्णय देणाऱ्याचा. हा दुसरा आवाज कोरडा आणि किरकोळ तपशिलांत रमलेला वाटतो. दात गमावलेल्या तरुणाच्या जवळचा मात्र तोच आहे.

पहिला प्रश्न कारणाचा आहे, कारण घरात पहिला उच्चारला जातो तोच: ‘याच्याच वाट्याला का?’ वैद्यकाची उत्तरे अनेक आहेत. अपघातात पटाशीचे दात जातात. काही जणांत हिरड्यांचा आणि दाताभोवतीच्या हाडाचा रोग तरुणपणीच झपाट्याने वाढतो आणि किडलेले नसलेले, धडधाकट दिसणारे दात हलू लागतात. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, वेळेवर न भरलेली कीड, कर्करोगासाठी जबड्याला दिलेले किरण यांचाही वाटा असतो. काही जणांना तर दात येतच नाहीत. चार्ल्स डार्विन यांनी प्राणी आणि वनस्पतींमधील बदलांवरच्या आपल्या ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत दिली आहे. या कुटुंबात चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे निघाले की त्यांना दोन्ही जबड्यांत मिळून समोरचे चार लहान, कमकुवत दात आणि मागच्या आठ दाढा एवढेच होते. त्यांच्या अंगावर केस विरळ होते, टक्कल लवकर पडे आणि कोरड्या त्वचेमुळे उन्हाळा त्यांना सोसवत नसे. घरातल्या एकाही मुलीत हा दोष उतरला नव्हता. मुलींच्या मुलांत मात्र तो येई. आज या विकाराला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतात. एक्स गुणसूत्रावरच्या ज्या जनुकातल्या बिघाडाने तो होतो ते जनुकही आता ओळखले गेले आहे, आणि आईकडून मुलाकडे जाण्याची त्याची रीतही.

अशा विकाराला कर्मविपाकाच्या ग्रंथांत वेगळे उत्तर मिळते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीच्या पापांची या जन्मी दिसणारी चिन्हे सांगितली आहेत. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात आणि मद्य पिणाऱ्याचे दात काळे होतात. या विधानातली तर्काची अडचण जुनीच आहे. ज्या पापाची आठवण नाही त्याची शिक्षा भोगणाऱ्याला तिच्यातून शिकता काहीच येत नाही. शिकतो तो पाहणारा, आणि तो शिकतो ते समोरच्याकडे संशयाने बघायला. कर्मसिद्धान्ताची बाजू घेणारे म्हणतात की तो स्वतःच्या दुःखाशी समेट करण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नाही. हे म्हणणे रास्त आहे. समाजात मात्र तो वापरला गेला बहुतेक वेळा निवाड्यासाठीच. काळ बदलला तसा पूर्वजन्म मागे पडला आणि त्याच्या जागी ब्रश आला. तरुण तोंडात कवळी दिसली की ‘लहानपणी दात घासले नसतील’, ‘गुटखा खात असेल’ हा निकाल तपासणीशिवाय लागतो. हा कर्मविपाकच आहे, फक्त जन्म एकच धरलेला. दुर्लक्षाने दात जातात हे खरे असले तरी ज्याचे गेले त्याने दुर्लक्षच केले असणार, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सिंधच्या त्या दहा पुरुषांनी काय घासायचे राहून गेले होते?

उपदेशकाचा दुसरा मार्ग वैराग्याचा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख आणि दोष वारंवार पाहणे हेही एक लक्षण म्हणून येते. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी विस्तार असा आहे की म्हातारपण येण्याआधीच, अंगात तारुण्य असतानाच, माणसाने आपल्या उद्याच्या देहाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बौद्ध परंपरेत हा अभ्यास आणखी नेमका आहे. प्रव्रज्या घेणाऱ्या नव्या श्रामणेराला सुरुवातीलाच देहातल्या पाच गोष्टी ध्यानासाठी देतात: केस, लव, नखे, दात आणि त्वचा. माणसाचे रूप म्हणून जे डोळ्यांत भरते ते याच पाचांत असते. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात महातिस्स नावाच्या स्थविराची कथा येते. अनुराधपुराच्या वाटेवर नवऱ्याशी भांडून निघालेली एक नटलेली स्त्री त्याच्याकडे पाहून मोठ्याने हसली. त्याला दिसले ते तिचे दात, आणि दातांवरून त्याचे ध्यान हाडांकडे वळून तो तिथेच अर्हत झाला. मागून शोधत आलेल्या नवऱ्याने विचारले तेव्हा त्याने सांगितले की स्त्री गेली की पुरुष हे ठाऊक नाही, हाडांचा एक सापळा मात्र या वाटेने गेला.

कथा सुंदर आहे, पण तिच्यात दात पाहणारा भिक्षू आहे आणि दात त्या स्त्रीच्या तोंडात शाबूत आहेत. ध्यानाचा विषय आणि ध्यान करणारा वेगवेगळे असले की वैराग्य सोपे जाते. ज्ञानेश्वरीतला तरुण म्हातारपणाची कल्पना करतो तीही स्वतःच्या निर्णयाने, आणि कल्पना संपल्यावर तो दातांनी भाकरी खातो. चोविसाव्या वर्षी दवाखान्यातून सगळे दात काढून घरी आलेल्या माणसाला हे दोषदर्शन न मागता मिळालेले असते. त्याला देह नश्वर असल्याचे सांगण्यात नवे काही नसते. आरशाने ते आधीच सांगितलेले असते. त्याला हवा असतो त्या नश्वर देहाने पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगण्याचा मार्ग. वैराग्याचा उपदेश खोटा नाही, पण तो ज्याच्यापाशी काही आहे त्याला करायचा असतो. गमावलेल्या माणसाला तो केला की सांत्वन राहत नाही. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

तत्त्वज्ञानाचा खरा कस लागतो तो पुढच्या प्रश्नावर: हरवलेला दात हा ‘मी’ होता का, आणि त्याच्या जागी आलेली कवळी ‘मी’ आहे का? मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनाला एकेक अवयव घेऊन विचारतो की केस म्हणजे नागसेन का, नखे म्हणजे नागसेन का, दात म्हणजे नागसेन का. प्रत्येकाला उत्तर ‘नाही’. मग नागसेन राजाला त्याच्याच रथाबद्दल तसेच प्रश्न विचारतो, आणि चाक, आस, जू यांपैकी एकही रथ नाही, हे राजाला मान्य करावे लागते. सगळे भाग एका रचनेत आले की ‘रथ’ हे नाव वापरले जाते, इतकेच. या मताने पाहिले तर कवळीचा प्रश्न जवळजवळ सुटतोच. जन्माने मिळालेला दात आणि अ‍ॅक्रिलिकचा दात दोन्ही सारखेच परके, आणि रचनेत काम करीत असतील तर दोन्ही सारखेच आपले.

अद्वैत वेदान्ताचे उत्तर याहून कठोर आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी अध्यासाचे विवेचन केले आहे: देहाचे आणि इंद्रियांचे धर्म माणूस स्वतःवर लादतो आणि ‘मी जाड’, ‘मी गोरा’, ‘मी बहिरा’, ‘मी आंधळा’ असे म्हणतो. ‘मी बोळका’ हे त्याच यादीत बसते. सिद्धान्त म्हणून हे अभेद्य आहे. पण शंकराचार्यांनीच हेही मान्य केले आहे की सगळा लौकिक व्यवहार, शास्त्राचा व्यवहारसुद्धा, या अध्यासावरच चालतो. जेवण, बोलणे, हसणे, लग्न, नोकरीची मुलाखत हे सगळे व्यवहारातच मोडते. तेव्हा व्यावहारिक पातळीवरच्या दुःखाला पारमार्थिक पातळीवरचे उत्तर देऊन मोकळे होणे हे अद्वैताच्याच शिस्तीत बसत नाही.

व्यवहारात कवळी ‘आपली’ होते ती हळूहळू. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती संवेदनशील तंतूंचे आवरण असते, त्यामुळे भातातला बारीकसा खडाही लगेच कळतो. कवळी हिरडीवर टेकलेली असते. तिला ही जाण नसते. वरची कवळी टाळू झाकते, म्हणून अन्नाचा ऊन-गारपणा आणि पोत बोथट होतो. खालची जिभेच्या हालचालीने उचलली जाते. पहिल्या दिवसांत तोंडाला पाणी सुटत राहते, ‘स’ आणि ‘फ’ घसरतात, हिरडीला घासून व्रण पडतात. काही आठवड्यांत जीभ आणि गालांचे स्नायू तिला सांभाळायला शिकतात आणि माणूस बोलताना तिला विसरतो. एखादी वस्तू देहाचा भाग झाली याचे सर्वांत विश्वसनीय लक्षण हे विसरणेच असावे. शाबूत दात असलेल्या माणसालाही दिवसभर आपले दात आठवत नसतात.

पण कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी लागते, आणि इथे ती पुन्हा वस्तू होते. चिकटलेले आणि काढता येणारे यांतला हा फरक शास्त्रकारांनी फार पूर्वी हेरला होता. गौतमधर्मसूत्रात शुद्धीच्या नियमांत म्हटले आहे की दातांना चिकटलेला अन्नकण दाताप्रमाणेच समजावा. जिभेला तो वेगळा जाणवला तर गोष्ट निराळी. जे चिकटून आहे आणि जाणवत नाही ते देहाचे, हे मोजमाप उष्ट्याच्या बारीक विचारातून निघाले असले तरी तत्त्वज्ञानाच्या पुष्कळ व्याख्यांपेक्षा कामाचे आहे. इस्लामी धर्मशास्त्रात हनफी पंथाच्या मते गुस्ल म्हणजे पूर्ण स्नानात चूळ भरणे आवश्यक असते. मग पाणी हिरडीपर्यंत पोचण्यासाठी कवळी काढावी का? सर्वसाधारण निर्णय असा की सहज निघणारी असेल तर काढावी. पक्की बसवलेली असेल तर तिला देहाचा भाग मानावे आणि तसेच पाणी घ्यावे.

त्याच परंपरेत कृत्रिम अवयवाच्या परवानगीचा आधार अरफजा नावाच्या सहाबींच्या, म्हणजे प्रेषितांच्या सहकाऱ्यांच्या, हदीसमध्ये आहे. इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक तुटले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. पुरुषांना सोने वापरणे एरवी निषिद्ध आहे, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. दात सोन्याने बांधण्याबाबत इमाम अबू हनीफा चांदीवर थांबले, त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही मुभा दिली. याच परंपरेत सौंदर्यासाठी दातांमध्ये मुद्दाम फटी करून घेण्याची निंदा आहे. निर्मितीत हौसेने केलेला बदल वेगळा आणि झालेली हानी भरून काढणे वेगळे, ही रेघ त्यातून आखली गेली.

यहुदी धर्मनियमांच्या मिश्ना या संग्रहात प्रश्न शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा आहे. त्या दिवशी सार्वजनिक जागेतून ओझे नेता येत नाही. मग खोटा दात बसवलेल्या स्त्रीने बाहेर पडावे का? तो दात अंगावरचा की हातातला? सोन्याच्या दाताबाबत रब्बी यहुदा हनासी परवानगी देतात, इतर आचार्य नाकारतात. नाकारण्यामागे भाष्यकारांनी दिलेली कारणे माणसाच्या स्वभावाची आहेत: ती तो काढून मैत्रिणींना दाखवील, किंवा कोणी हसले तर लाजेने काढून हातात घेऊन चालेल. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या या चर्चेत खोट्या दाताची लाज एक ठरलेली वस्तुस्थिती म्हणून येते आणि नियम तिला धरून केला जातो. लाजू नकोस, असे कोणी म्हणत नाही.

हिंदू पुराणकथांत दात गमावलेला देव पूषा. ऋग्वेदात तो करंभ खाणारा, म्हणजे भरडलेल्या धान्याचे मऊ अन्न घेणारा आहे. शतपथ ब्राह्मणात त्याचे कारण मिळते: यज्ञातला एक उग्र भाग चाखताच त्याचे दात पडले, म्हणून पूषा दंतहीन, आणि म्हणून त्याचा चरू दळलेल्या धान्याचा करावा. या दळण्याचा नियम नेमका कोणत्या हवीला लागू, यावर पुढे मीमांसकांनी एक स्वतंत्र अधिकरण खर्ची घातले. भागवताच्या चौथ्या स्कंधात कथा वेगळी आहे. दक्षाच्या यज्ञात शिवाची निंदा चालू असताना पूषा दात दाखवून हसला. वीरभद्राने ते दात पाडले. पुढे शिव प्रसन्न झाल्यावर यज्ञातल्या जखमींची जी व्यवस्था लागते ती पाहण्यासारखी आहे. दक्षाला बोकडाचे डोके, भृगूला बोकडाची दाढी. भग या देवाने मित्र या देवाच्या डोळ्यांनी पाहावे. पूषाने यजमानाच्या दातांनी चावावे, एरवी पीठ खावे. पूषाचे दात त्याला परत मिळाले नाहीत, पण त्याचा हविर्भागही बंद झाला नाही. आणि ज्यांचे हात निकामी झाले होते त्यांना हात दिले गेले ते याच पूषाचे. दात गेलेला देव मदत घेणारा आहे तसाच मदत देणाराही आहे. शास्त्रकाराने त्याच्याकडे पाहिले ते याला काय वाढायचे, या एका प्रश्नाने.

एकदंताची गोष्ट निराळी. परशूने केलेला घाव वडिलांच्या शस्त्राचा मान म्हणून गणपतीने दातावर झेलला, ही एक कथा. महाभारत लिहिण्यासाठी त्याने स्वतःच दात मोडला, ही दुसरी. मुद्गल पुराणात एकदंत हा मदासुराला जिंकणारा अवतार आहे. महाराष्ट्रात मूर्तीला तडा गेला तर ती खंडित मानून पूजेतून काढतात, पण गणपतीचा मोडका दात हा खंड कोणी मानत नाही. दोन्ही दात पुरे असलेली मूर्तीच लोकांना चुकीची वाटेल. दात गमावलेल्या तरुणाला ही कथा सांगून धीर देण्याची पद्धत आहे. ती बेतानेच वापरावी. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, आणि गणपतीचा मोडला तो दाखवायचा. त्याच्या मोदकाला काही बाध आलेला नाही. माणसाला दोन्ही कामे एकाच बत्तिशीकडून करून घ्यावी लागतात.

दाखवायच्या दातांचा प्रश्न लग्नाच्या वेळी टोकाला जातो. कवळी ही फसवणूक आहे का? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हसणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आपले वरचे दात आपले नाहीत, हे केव्हा सांगावे? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मुलीतला दोष न सांगता तिला देणाऱ्याला ९६ पणांचा दंड सांगितला आहे, आणि दोष म्हणून वेड, कुष्ठ अशा गोष्टी गणल्या आहेत. दात त्यात नाहीत. तिसऱ्या अध्यायात मात्र वधूचे दात नाजूक असावेत, अशी अपेक्षा आहे, आणि लग्नाच्या बाजारात चालते ती ही अपेक्षा. सत्याच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. अनोळखी माणसाला, वर्गमित्राला किंवा नोकरी देणाऱ्याला तोंडातली कवळी सांगण्याचे कर्तव्य कोणाचेही नाही. चश्मा लावणारा आपल्या नंबराची जाहिरात करीत फिरत नाही. आयुष्य ज्याच्याबरोबर काढायचे त्या माणसाला मात्र ते लग्नाआधी कळलेले बरे. त्यात लाजिरवाणे काही आहे म्हणून नव्हे, तर रोज रात्री कवळी लपवण्याचा धाक कवळीहून अधिक जाचक असतो म्हणून. दोष जनुकातून आलेला असेल तर पुढच्या मुलांचाही विचार येतो, आणि तिथे सांगणे हे कर्तव्यच ठरते.

या विषयावरची सर्वांत शहाणी गोष्ट यहुदी परंपरेच्या ताल्मुदमध्ये आहे. एका माणसाने आपल्या भाचीशी लग्न करणार नाही, अशी शपथ घेतली होती. मुलीला रब्बी इश्माएल यांच्या घरी नेण्यात आले. तिच्या तोंडात एक कुरूप खोटा दात होता. रब्बींनी स्वतःच्या पैशाने तिला सोन्याचा दात करून दिला. मग त्या माणसाला विचारले की तू शपथ घेतलीस ती हिच्याबद्दल का? तो ‘नाही’ म्हणाला, आणि शपथ सुटली. त्यावर रब्बी रडले. आपल्या मुली सुंदरच आहेत, गरिबी त्यांना विद्रूप करते, असे ते म्हणाल्याचे तिथे नोंदले आहे. मुलीला तिच्या रूपावरून नाकारणाऱ्या पुरुषाला रब्बींनी चार शब्द सुनवायला हवे होते, असे आजच्या वाचकाला वाटेल, आणि ते गैर नाही. पण देहाच्या असारतेवर प्रवचन करण्याचा सोपा मार्ग समोर असताना त्यांनी सोनाराला पैसे दिले.

गरिबी या विषयात दुसऱ्या बाजूनेही शिरते. कवळीतले दात यायचे कुठून? जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात विशीतच जाऊ लागले. १७८९ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या, ही दंतकथा आहे. त्यांत पाणघोड्याचे सुळे, धातू आणि माणसांचे दात होते. माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्याच्या हिशेबवहीत १७८४ साली गुलामांकडून नऊ दात घेतल्याबद्दल १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. बाजारभावापेक्षा ही रक्कम पुष्कळ कमी होती, आणि गुलामाला नकार देता येत होता का, हा प्रश्न वहीत नाही. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले, ते ‘वॉटर्लूचे दात’ म्हणूनच ओळखले जात. एकाच्या तोंडाची उणीव दुसऱ्याच्या तोंडातून भरून काढण्याचा हा व्यापार नीतीच्या उपदेशाने आटला नाही. आधी चिनी मातीचे दात, मग १८५० नंतर व्हल्कनाइट रबराचा स्वस्त साचा आणि १९३० च्या दशकाअखेर अ‍ॅक्रिलिक आले, तेव्हा तो आटला.

धर्माला वाहिलेल्या माणसाने कवळी वापरावी का, हा संशय फार टिकणारा नाही. लाकडाच्या पूर्ण कवळीचा सर्वांत जुना ज्ञात नमुना जपानमधल्या वाकायामा इथल्या एका बौद्ध भिक्षुणीचा आहे. ती १५३८ साली वारली. केस, नखे, दात यांच्या अशुभतेवर ध्यान करणाऱ्या धर्मातलीच ही स्त्री होती. कवळी लावून जेवण्यात आणि देहाची आसक्ती नसण्यात तिला विरोध दिसला नसावा.

तरुण माणसासाठी कवळीचा हिशेब म्हाताऱ्याच्या हिशेबाहून लांबलचक असतो. दात निघाले की जबड्याचे हाड झिजू लागते, पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने, आणि पुढे जन्मभर थोडे थोडे. आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. ती आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. पंचविशीत पहिली कवळी लावणाऱ्याला अशा अनेक कवळ्या लागतात. यासाठीच हाडात रुजणारे टायटॅनियमचे इम्प्लांट तरुणांना अधिक उपयोगी ठरते. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली ज्या पहिल्या रुग्णाला ते बसवले तो गोस्टा लार्सन जन्मजात जबड्याच्या दोषाचा आणि तिशीतलाच होता. ते इम्प्लांट त्याला मरेपर्यंत, चाळीस वर्षे पुरले. गौतमधर्मसूत्राच्या मोजमापाने ते देहाचेच झाले म्हणायचे.

इम्प्लांटचा खर्च मात्र अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि खर्चापायी कवळीसुद्धा पुढे ढकलून तोंड मिटून वावरणारे तरुण आहेत. त्यांच्या घरच्यांनी पूर्वजन्म, ब्रश आणि वैराग्य हे तिन्ही विषय बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे माप द्यायला न्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कवळ्या करतात, आणि तिथे त्या खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात मिळतात.